अगीनगाडी आणि आपली पायवाट

दिंडीच्या शताब्दीच्या पुस्तकात कुणी विणेकऱ्यांची परंपरा लिहिली, कुणी मुक्कामांची हकिगत लिहिली. मंडळींनी आम्हाला सांगितलं, महाराज, तुम्ही कीर्तनात जुन्या गोष्टी सांगता, त्यातली एक लिहून द्या. आम्ही शेतकरी, शिक्षण चवथी. बोलायची सवय आहे, लिहायची नाही. म्हणून जसं बोलतो तसंच लिहितो. माउलींनी गोड मानून घ्यावं.

आम्ही वाफेवर लिहायचं ठरवलं. दिंडीच्या पुस्तकात वाफेचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण आपली दिंडी ठाणं-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातली. हिंदुस्थानात प्रवाशांची पहिली अगीनगाडी आली ती याच पट्ट्यात. आणि आपली दिंडी निघाली त्याच सुमाराला, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईत विजेवरची पहिली गाडी धावली. म्हणजे वाफेचा उतार लागला तेव्हा आपल्या दिंडीचा चढ सुरू झाला. दोघींची गाठ कुठं कुठं पडली ते पाहण्यासारखं आहे.

आधी वाफ म्हणजे काय ते समजून घेऊ. चुलीवर भाताचा टोप ठेवला आणि वर झाकण गच्च बसवलं, की थोड्या वेळानं झाकण थडथड उडायला लागतं. ते उडवतं कोण? पाणीच. एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला साधारण सतराशे लिटर जागा लागते. तेवढी जागा मिळाली नाही तर ती ढकलायला लागते. विंजिनाची सगळी विद्या एवढीच. लोखंडी पिंपात, म्हणजे बॉयलरात पाणी. खाली भट्टीत कोळसा. कोंडलेली वाफ नळीतून सिलिंडरात सोडायची. तिनं दट्ट्या पुढं-मागं ढकलायचा आणि दट्ट्याच्या दांड्यानं चाक फिरवायचं. न्यूकोमेन नावाच्या कारागिरानं १७१२ साली इंग्लंडात खाणीतलं पाणी उपसायला असं यंत्र लावलं. जेम्स वॉटनं १७६९ साली त्यात मोठी सुधारणा करून कोळसा वाचवला. पुढं स्टीफन्सननं ते यंत्र रुळांवर चालवलं. बैलाला चारा तसा विंजिनाला कोळसा. फरक एवढाच, की बैल दमला की बसतो आणि विंजिन कोळसा-पाणी असेपर्यंत बसत नाही.

आपल्याकडं वाफ आधी पाण्यावर आली, मग जमिनीवर. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट १८३० साली मुंबईहून सुएझला गेली. वाऱ्याची वाट न बघता समुद्र ओलांडायचा, हे लोकांना नवल. त्याच गोदीतल्या वाडिया घराण्यातले आर्देशीर खरशेटजी यांनी वाफेच्या यंत्राचं काम स्वतः शिकून घेतलं, वाफेची नाव केली. १८४१ साली विलायतेतल्या रॉयल सोसायटीनं त्यांना सभासद करून घेतलं. तो मान मिळवणारे ते पहिले हिंदी.

आता एक गंमत बघा. आगबोट सुएझला गेली १८३० साली. आणि हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबारायांचा पालखी सोहळा आजच्या रूपात, शिस्तीनं, दिंड्यांचे क्रम लावून सुरू केला तो १८३२ च्या सुमाराला. मुंबईत माणूस पाय सोडून वाफेवर बसायला निघाला, त्याच वेळी आळंदीला माणसं पायी चालण्याची शिस्त बसवत होती. दोन्ही वाटा एकाच वेळच्या. पुढं त्या एकमेकींना भेटणारच होत्या.

१६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी बोरीबंदरहून गाडी सुटली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. ओढायला तीन विंजिनं, त्यांची नावं साहेब, सिंध आणि सुलतान. ३४ किलोमीटर वाट, आणि शेवट आपलं ठाणं. ही रेल्वे यावी म्हणून ज्यांनी आधी दहा वर्षं खटपट केली त्यात नाना शंकरशेट होते. ते कंपनीच्या संचालकांतले एक होते आणि त्या गाडीतही होते. आपली मराठी माणसं फक्त रुळाच्या कडेला तोंडाचा आ करून उभी नव्हती, कारभारातही होती, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

वर्षभरात, १ मे १८५४ रोजी, गाडी ठाण्याची खाडी पुलावरून ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगराला बोगदे पाडून कल्याणला आली. आज पारसिकचा जो मोठा बोगदा आहे, १.३ किलोमीटर लांब, तो बराच नंतरचा, १९१६ सालचा. कल्याणहून मग दोन फाटे फुटले. एक वासिंद-कसाऱ्याकडं, थळघाटानं नाशिककडं. दुसरा कर्जतकडं, बोरघाटानं पुण्याकडं. म्हणून कल्याण जंक्शन झालं. डोंबिवलीला स्टेशन झालं ते १८८७ साली. तोवर तिथं भाताची खाचरं आणि आजूबाजूला गावं.

यानं मिळालं काय आणि गेलं काय? कल्याण हे फार जुनं बंदर. खाडीतून पडाव आणि मचवे जायचे. घाटावरून बैलांचे तांडे धान्य घेऊन उतरायचे, मीठ घेऊन चढायचे. गाडी आल्यावर तांड्याचे बैल कमी झाले, पडाव कमी झाले. वंजाऱ्याचा धंदा गेला, नावाड्याचा बसला. पण आपल्या शेतकऱ्याचं गवत, भात, भाजी, दूध मुंबईला त्याच दिवशी पोचायला लागलं. घरातला एखादा मुलगा मुंबईच्या गिरणीत किंवा रेल्वेत लागला. वाफेनं एकाच्या हातातलं काढून दुसऱ्याच्या हातात दिलं. चांगलं की वाईट हे ज्याच्या त्याच्या बांधावर उभं राहून ठरतं.

लोकांच्या मनात काय चाललं होतं तेही इतिहासच आहे. म्हातारी माणसं सांगायची, की विंजिनात भूत कोंडलंय, तेच फुसफुसतंय. पुलाच्या पायात पोरं पुरतात अशी आवई उठायची आणि आया पोरांना घरात कोंडायच्या. कुणी विंजिनाला नारळ फोडला, कुणी हळद-कुंकू वाहिलं. यात हसण्यासारखं काही नाही. ज्याचा बैल दिसत नाही अशी गाडी समोर पळताना दिसली, तर माणूस आपल्याजवळच्या शब्दांनीच ती समजून घेणार. अगीनगाडी, आगबोट, विंजिन, लोखंडी सडक हे शब्द लोकांनीच घडवले. शिकलेली माणसंही गप्प नव्हती. कृष्णशास्त्री भाटवडेकरांनी १८५४ साली ‘लोखंडी सडकांचे चमत्कार’ हे पुस्तक लिहिलं. गोविंद नारायण माडगावकरांनी १८५८ साली लोखंडी रस्त्यांचं वर्णन मराठीत छापलं. गाडी आल्यावर पाच वर्षांच्या आत मराठी माणसाला ती मराठीत समजावून सांगणारी दोन पुस्तकं होती. आजच्या किती यंत्रांबद्दल असं म्हणता येईल?

आणखी एक झालं. डब्यात जागा तिकिटानं मिळायची, जातीनं नाही. पुष्कळांना वाटलं होतं की आपले लोक एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसायचेच नाहीत. पण बसले. कुरकुर केली, अंग चोरलं, पण बसले. वाळवंटात जे संतांनी सांगितलं होतं ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यात गर्दीनं करून घेतलं. मनं बदलली असं आम्ही म्हणत नाही. पण शेजारी बसायची सवय लागली, हेही थोडं नाही.

आता घाटाची गोष्ट. ही आम्ही कीर्तनात सांगतो तेव्हा मंडपात शांतता होते.

बोरघाट चढवायचं काम १८५६ च्या सुरुवातीला लागलं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत अठराशे फुटांच्या वर चढ. पंचवीस बोगदे. सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर, असा उतार. एका जागी तर वळायलाच जागा नाही, तिथं गाडी थांबवून विंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलटं निघायचं. काळा पाषाण. सुरुंगाला दारू आणि हाताला पहार. कड्यावरून दोरानं माणसं खाली सोडायची, त्यांनी लोंबकळत दगडाला भोक पाडायचं, बत्ती द्यायची आणि वर ओढायला हाक मारायची. १८६१ साली कामावर बेचाळीस हजार माणसं होती. देशावरची आणि कोकणातली, बायका-पोरांसकट. बायका डोक्यावर पाट्या वाहायच्या.

पहिल्या कंत्राटदाराच्या वेळी मजुरीवरून १८५९ च्या सुरुवातीला दंगा झाला आणि त्यानं काम सोडलं. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा आला, तो इथं आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट सोडलं नाही, हाताखाली जाणते इंजिनिअर घेऊन काम पुरं करून घेतलं. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट गाडीला खुला झाला. गव्हर्नर आले, भाषणं झाली.

पण त्या आठ वर्षांत त्या घाटात माणसं किती मेली? पटकीनं, तापानं, दरडीखाली, सुरुंगानं. इतिहासकारांचा अंदाज वीस-पंचवीस हजारांचा आहे. पंचवीस बोगदे आणि पंचवीस हजार माणसं. बोगद्यामागं हजार धरा. ठाण्याला गाडी आली तेव्हाच्या तिन्ही विंजिनांची नावं आपल्याला पाठ आहेत. घाटात मेलेल्या माणसांतल्या एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. लोखंडाचं नाव राहिलं, हाडामांसाचं गेलं. आम्हाला वाफेच्या इतिहासात सगळ्यांत जास्त हे टोचतं.

या घाटानं आपल्या पंढरीच्या वाटेचं काय केलं ते आता सांगतो. रूळ घाटाच्या वर आधीच पुढं गेले होते, १८६० साली सोलापूरला पोचले होते. घाट जोडला गेल्यावर कल्याणला गाडीत बसलेला माणूस बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला उतरू शकत होता. तिथून पंढरी पन्नासेक किलोमीटर, पायी नाहीतर बैलगाडीनं. पुढं कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरानं बार्शी लाइट रेल्वे काढली. अडीच फुटी रूळ, छोटे डबे. १८९७ साली ती कुर्डुवाडीहून बार्शीला गेली आणि १९०६ साली पंढरपूरला पोचली. म्हणजे चंद्रभागेपर्यंत वाफ आली. पुढं १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज तिला जोडलं गेलं. गर्दीच्या दिवसांत यात्रेकरूंना मालाच्या डब्यांतूनही नेत. पटकीची साथ आली की तीही गाडीनंच गावोगाव पोचायची. हीसुद्धा वाफेचीच एक बाजू.

आम्ही पहिली पंढरी पाहिली ती वडिलांचं बोट धरून, कुर्डुवाडीहून याच छोट्या गाडीतून. कोळशाचा कण डोळ्यात गेला होता. धोतरं, लुगडी काळी झाली होती. पण लांबून कळस दिसला आणि साऱ्या गाडीनं एकदम नामाचा गजर केला, त्यात विंजिनाची शिटी बुडून गेली.

आपल्या दिंडीत एक वाद फार जुना. गाडीनं गेलेली वारी ती वारी का? जुनी माणसं म्हणायची, पायाला फोड नाही ती वारी कसली. दुसरी म्हणायची, भाव असला म्हणजे झालं. आम्ही दोन्ही बाजूंनी कीर्तनं ऐकली आहेत. पण हा वाद करताना आपल्या भागाचा हिशेब मांडायला हवा. आपली शेती भाताची. आषाढात आवणी. रोप वाफ्यात तयार, चिखल तयार, आणि त्याच वेळी पालखी निघते. कल्याणहून पायी आळंदी, आळंदीहून अडीचशे किलोमीटर पंढरी, आणि तेवढंच परत. दीड-दोन महिने गेले तर वर्षाचं भात गेलं. म्हणून आपल्याकडचे पुष्कळ जण भात घरात आल्यावर माघीला जायचे. आषाढी त्यांच्या नशिबात नव्हती.

गाडीनं काय केलं? येताना वाचवलं. माणूस पायी जाऊ लागला आणि एकादशी-द्वादशी करून गाडीनं रात्रीत घरी येऊ लागला. उशिरा का होईना, आवणीला हात लागला. भावाभावांत एकानं शेत बघायचं, एकानं चालायचं, अशी पाळी लावता आली. म्हाताऱ्या आयांना, पायानं अधू असलेल्यांना, लेकुरवाळ्यांना गाडीनं का होईना पंढरी दिसली. शंभर वर्षं आपल्या भागातली दिंडी टिकली, यात चालणाऱ्यांची भक्ती आहेच, पण परतीच्या गाडीचाही वाटा आहे. पुष्कळांना वाटलं होतं, गाडी आली की पायी चालणारे संपतील. संपले नाहीत, वाढले. कारण आता चालणं ही मजबुरी राहिली नाही. गाडी उभी असताना जो चालतो तो आपल्या राजीखुशीनं चालतो. आमच्या मतानं वाफेनं पायी वारी मोडली नाही, तिची किंमत वाढवली.

वाफेनं फक्त गाड्याच ओढल्या नाहीत. मुंबईत ताडदेवला कावसजी दावरांची कापडाची गिरणी १८५६ साली सुरू झाली ती वाफेवर. तिच्यामागून कितीतरी गिरण्या निघाल्या. भोंगा वाजायचा तोही वाफेचा. त्या भोंग्यावर आपल्या भागातल्या हजारो घरांचं घड्याळ चालायचं. भाताच्या पहिल्या गिरण्याही वाफेच्या. त्यांच्या भट्टीत भाताचंच तूस जाळायचं, म्हणजे भात स्वतःच्या सालीवर स्वतःला सडून घ्यायचं. उखळ-मुसळापासून बायांचे हात सुटले. सडण-कांडण करून पोट भरणाऱ्या बायांची मजुरीही सुटली.

विंजिनाला पाणी फार लागे. त्यासाठी रेल्वेनं अंबरनाथजवळ काकोळ्याला धरण बांधलं, त्याला आजही जीआयपी धरणच म्हणतात. विजेच्या गाड्या आल्या, १९२९ साली घाट चढून पुण्यापर्यंत गेल्या, तेव्हा लोक म्हणाले वाफ संपली. पण वीज कुठून येत होती? आपल्या ठाकुर्लीतून. रेल्वेनं १९२९ साली तिथं खाडीकाठी चोळ्याचं पॉवर हाऊस उभं केलं. तिथं काय करायचे? कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेनं चक्र फिरवायचं आणि चक्रानं वीज करायची. म्हणजे वाफ गाडीच्या पुढून उतरली आणि ठाकुर्लीत बसून तारेतून गाडी ओढायला लागली. ते धुराडं आम्ही लहानपणी शेतातून बघत होतो. आमच्याकडच्या बाया रुळाच्या कडेनं अर्धे जळालेले कोळसे वेचून शेगडीला आणायच्या. १९८० नंतरच्या दशकात ते पॉवर हाऊस बंद पडलं. १९९५ साली देशात मोठ्या रुळांवरची रोजची वाफेची विंजिनंही थांबली. पण आजही औष्णिक वीज म्हणतात ती वाफेचीच. तुमच्या घरातला दिवा आणि हातातला मोबाईल यात कुठंतरी भाताच्या टोपाचं झाकण उडतंच आहे.

कीर्तनकारांना विंजिनानं एक दृष्टांतही दिला. आमच्या गुरुजींच्या तोंडून आम्ही तो ऐकला आणि पुढं आमच्या परीनं वाढवला. डब्याला स्वतःची आग नसते, चाकं असतात. पण साखळी विंजिनाला जोडली, की पहिल्या वर्गाचा डबा असो की मालाचा, सगळे एकाच गावाला पोचतात. गावाला जाण्यासाठी डब्यानं एकच करायचं, साखळी सोडायची नाही. आणि दुसरी गोष्ट आम्ही आमच्यासारख्या बोलणाऱ्यांसाठी जोडतो. शिटीला जी वाफ जाते ती गाडी ओढत नाही. ओढणारी वाफ मुकी असते. घाटातली ती पंचवीस हजार माणसं मुकी वाफ होती. त्यांनी ओढलं, शिटी दुसऱ्यांनी वाजवली.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं दिंडीपुढं आमची एक विनंती आहे. पंढरीहून परत येताना आपली गाडी बोरघाट उतरते तेव्हा आपण दमून झोपलेले असतो. यंदापासून घाटातला पहिला बोगदा लागला की टाळ काढावेत आणि शेवटचा बोगदा सरेपर्यंत नामाचा गजर करावा. ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत त्यांच्यासाठी तेवढं नाम. खर्च काही नाही. विणेकरी बुवांनी आणि चोपदारांनी मनावर घेतलं तर एका वर्षात रीत पडेल, आणि पुढच्या शंभर वर्षांत ती जुनी परंपरा म्हणून ओळखली जाईल.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. रामकृष्णहरी.